जळक्या बुचाची काजळी

‘रंग माझा वेगळा’ ही मालिका २०१९ साली ‘स्टार प्रवाह’वर सुरू झाली आणि बघता बघता घराघरांत पोचली. सावळ्या रंगापायी आयुष्यभर टोमणे खाणाऱ्या दीपाची ती गोष्ट. रंगावरून माणसाची किंमत ठरवू नये, हे सांगण्यासाठीच ती लिहिली होती. पण दीपाचं काम करणाऱ्या रेश्मा शिंदे गोऱ्या आहेत. दीपा व्हायचं तर चेहरा, मान, हात गडद रंगवून घेतल्याशिवाय त्यांना कॅमेऱ्यासमोर जाता येत नसे. त्याच वर्षी ‘सुपर ३०’मध्ये बिहारच्या गणित शिक्षकाचं काम करणाऱ्या हृतिक रोशनवर काळपट रंग चढवला गेला. ‘बाला’ चित्रपटात काळ्या वर्णामुळे नाकारली जाणारी वकील मुलगी हवी होती. ती भूमिका भूमी पेडणेकरला मिळाली आणि तिचा रंग पडद्यावर ओळखू येणार नाही इतका गडद केला गेला. ‘बाला’ची झलक आली तेव्हा लोकांनी विचारलं, काळ्या मुलीची गोष्ट सांगायला या देशात एक काळी मुलगी सापडू नये?

हा प्रश्न वांद्र्यात विचारण्याला अर्थ आहे. मेहबूब खान यांनी १९५४ साली हिल रोडजवळ उभा केलेला स्टुडिओ, पाली हिल आणि बँडस्टँडवरची नटनट्यांची घरं, कार्टर रोडच्या कॅफेंमधून चालणाऱ्या निर्मात्यांच्या बैठका, असा हिंदी सिनेमाचा बराच कारभार याच पट्ट्यात चालतो. इथे रंगभूषेच्या खोलीत कुणालाही विचारा, दोन उत्तरं हमखास मिळतात. पहिलं असं की नट दुसऱ्याचं सोंग घेण्यासाठीच असतो. तरुण नट केसांना पांढरं लावून म्हातारा होतो, तसा गोरा नट काळा झाला तर बिघडलं कुठे? दुसरं उत्तर असं की ब्लॅकफेसचा, म्हणजे गोऱ्या नटाने तोंडाला काळं फासण्याचा, वाद अमेरिकेतला आहे. तिकडे गुलामगिरी होती, तिकडची जखम वेगळी. आपल्याला ते नियम कशाला?

दोन्ही उत्तरं प्रामाणिकपणे दिली जातात, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

सोंगाचं आधी पाहू. रंग फासून सोंग काढणं आपल्या मातीत मुरलेलं आहे. कोकणात शिमग्याला संकासुर निघतो, अंगभर काळे कपडे आणि तोंडावर काळा मुखवटा घालून. लहान पोरं त्याच्या मागे धावतात, तो वळला की किंचाळत पळतात. दशावतारात रंग आहे, बहुरूप्याच्या तर झोळीतच रंग आहे. आणि महाराष्ट्राचा लाडका देव सावळाच आहे. यातल्या कशालाही कुणी वंशवाद म्हणत नाही, म्हणूही नये. कारण संकासुरांची कुठे वस्ती नाही. संकासुर आहे म्हणून कुणाला भाड्याची खोली नाकारली जात नाही, संकासुराच्या मुलीचं लग्न अडत नाही. सोंग घेणारा आणि बघणारे ज्या गावचे, त्याच गावचं ते सोंग असतं. ब्लॅकफेस जन्माला आला तो याच्या नेमक्या उलट परिस्थितीत.

साधारण १८३० च्या सुमारास थॉमस राइस नावाचा गोरा अमेरिकन नट तोंडाला काळं फासून रंगमंचावर आला आणि एका लंगड्या, फाटक्या कपड्यांतल्या काळ्या माणसाची नक्कल करत नाचू लागला. त्या पात्राचं नाव जिम क्रो. नक्कल तुफान चालली. १८४३ साली न्यूयॉर्कमध्ये ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रल्स’ या चौघांनी याच प्रकाराचा अख्खा संध्याकाळभराचा खेळ उभा केला आणि पुढची कित्येक दशकं अमेरिकेत याहून लोकप्रिय करमणूक दुसरी नव्हती.

हा रंग कसा बनत असे ते जवळून पाहण्यासारखं आहे. बाटलीचं बूच विस्तवावर धरून कोळसा होईपर्यंत जाळायचं. त्याची वस्त्रगाळ पूड करून पाण्यात कालवायची आणि चेहरा, मान, हात यांवर थापायची. ओठांच्या भोवतीची जागा मात्र रुंद कोरी ठेवायची, किंवा लाल-पांढऱ्या रंगाने भरायची, म्हणजे दिव्यांच्या उजेडात तोंड कानापर्यंत फाटल्यासारखं दिसे. डोक्यावर लोकरीचा टोप, पायांत दोन माप मोठे बूट. आफ्रिकी माणसाचा रंग असा बुचाच्या कोळशासारखा नसतो, त्याचे ओठ असे नसतात, हे रंगवणाऱ्यालाही माहीत होतं. हुबेहूब दिसणं हा हेतूच नव्हता. काळा माणूस दिसताक्षणी हसू यावं, त्याने तोंड उघडण्याआधीच यावं, एवढ्यासाठी तो रंग होता.

हसायचं कशाला, तेही ठरलेलं होतं. या खेळांत एक काळा माणूस मळ्यावरचा असे. आळशी, भोळा, नाचगाण्यात दंग, मालकावर जीव टाकणारा. दुसरा शहरातला, स्वतंत्र झालेला. तो झकपक कोट घालून मोठमोठे शब्द चुकीच्या जागी वापरायचा आणि तोंडघशी पडायचा. गुलामीत हा माणूस सुखी असतो आणि स्वातंत्र्य त्याला झेपत नाही, हा निष्कर्ष प्रेक्षक हसत हसत घरी घेऊन जात. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत जवळजवळ ४० लाख माणसं गुलाम म्हणून नोंदली आहेत. उत्तरेकडच्या शहरांतल्या बहुतेक गोऱ्यांनी कापसाचा मळा कधी पाहिला नव्हता. मळ्यावरचं जग त्यांना कळलं ते या खेळांतून. स्वतः गुलामीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८४८ मध्येच आपल्या वृत्तपत्रातून या नटांवर जळजळीत टीका केली होती. ती कुणी मनावर घेतली नाही. पुढे दक्षिणेतल्या राज्यांनी काळ्यांना वेगळ्या शाळा, रेल्वेचे वेगळे डबे, वेगळे पाण्याचे नळ नेमून देणारे कायदे केले, तेव्हा त्या कायद्यांना नाव पडलं तेही त्या नाचऱ्या पात्राचं, जिम क्रोचं.

आणि काळ्या कलावंताचं काय झालं? बर्ट विल्यम्स हा विसाव्या शतकाच्या आरंभीचा थोर विनोदी नट. स्वतः काळा. ब्रॉडवेच्या मोठ्या रंगमंचावर त्याला प्रवेश मिळाला, पण आपल्या काळ्या चेहऱ्यावर जळक्या बुचाचा थर देऊनच. प्रेक्षकांना काळा माणूस नको होता, त्यांनी मनात रंगवलेला काळा माणूस हवा होता. माझ्या मते ब्लॅकफेसचं सगळं दुष्टपण या एका उदाहरणात दिसतं. गोऱ्या नटाला खेळ संपल्यावर तोंड धुऊन घरी जाता येई. विल्यम्सने बुचाची काजळी धुतली तरी रस्त्यावर त्याला तोच अपमान भेटे, जो रंगमंचावरून त्याच्याच तोंडून विकला जात होता. इंग्लंडात बीबीसीने असा एक खेळ १९५८ पासून थेट १९७८ पर्यंत दाखवला, यावरून या करमणुकीची मुळं किती खोल गेली होती ते कळावं.

आता दुसरं उत्तर, ‘हे आपल्याकडचं नाही’. हे सरळसरळ चूक आहे. काळं फासून होणारे हे मिन्स्ट्रल खेळ मुंबईत आणि कलकत्त्यात १८६० च्या दशकातच पोचले होते. डेव्ह कार्सन हा अमेरिकन नट आपली मंडळी घेऊन हिंदुस्थानात आला आणि साहेबलोकांच्या गळ्यातला ताईत झाला. इथे आल्यावर त्याने काय करावं? जळक्या बुचाची विद्या इथल्या माणसांवर वापरली. त्याचं सर्वांत गाजलेलं सोंग होतं ‘बंगाली बाबू’चं. इंग्रजी शिकलेला, मोठेपणाच्या गप्पा मारणारा, मोडकीतोडकी भाषा बोलणारा भारतीय कारकून. न्यूयॉर्कच्या झकपक कोटातल्या स्वतंत्र काळ्याचाच हा सख्खा भाऊ. शिकून बरोबरीला येऊ पाहणाऱ्या माणसाला हसून खाली बसवायचं, हे सूत्र जसंच्या तसं जहाजातून उतरलं होतं. कलकत्त्यात अर्धेंदुशेखर मुस्तफी या नटाने १८७३ साली उलट साहेबाचं सोंग काढून त्याला जाहीर उत्तर दिलं. तेव्हा या हसण्याचा अर्थ आपल्या लोकांना दीडशे वर्षांपूर्वीच कळला होता.

त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी काळ्या लोकांना दास्यातून सोडवण्यासाठी स्वार्थ बाजूला ठेवला. फुल्यांना अमेरिका दूरची वाटली नाही. शूद्रातिशूद्रांचं दुःख आणि कापसाच्या मळ्यावरचं दुःख त्यांनी एका ओळीत मांडलं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस या काळ्या विचारवंताला पत्र लिहिलं तेही याच धाग्याने, आणि १९७२ साली मुंबईत जमलेल्या तरुणांनी आपल्या संघटनेला ‘दलित पँथर’ नाव दिलं तेही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर्सवरून. ज्या भाषेत हे सगळं घडलं, त्या भाषेच्या वाचकाला काळ्यांची कहाणी परकी कशी वाटेल?

शिवाय आफ्रिकी माणूस महाराष्ट्राला पाहुणा नाही. मलिक अंबर गुलाम म्हणून विकला गेला, निजामशाहीचा वजीर झाला, त्याने मुघलांना दख्खनमध्ये वर्षानुवर्षं रोखून धरलं आणि आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखलं जाणारं शहर खडकी या नावाने वसवलं. जंजिऱ्याचे सिद्दी तर शाळेच्या इतिहासातच भेटतात. कमी माहीत असलेली गोष्ट नाशिकची आहे. ब्रिटिश आरमाराने अरबी समुद्रात पकडलेल्या गुलामवाहू जहाजांवरची आफ्रिकी मुलं मुंबईत उतरवली जात. त्यातली कित्येक नाशिकजवळच्या शरणपूरला मिशनऱ्यांच्या आश्रमात वाढली, तिथेच लिहायला-वाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम शिकली. शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६६ साली मुंबईहून आफ्रिकेला निघाले तेव्हा नाशिकची अशी मुलं त्यांच्याबरोबर होती. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारले, त्या जागेवरच्या झाडावर त्यांचं नाव कोरणारा आणि पुढच्या वर्षी लंडनला त्यांच्या शवपेटीला खांदा देणारा जेकब वेनराइट हा शरणपूरचाच विद्यार्थी.

इतकी जुनी ओळख असूनही आपल्या पडद्याने काळा माणूस उसना घेतला तो मिन्स्ट्रलवाल्यांकडून. ‘इंतकाम’ (१९६९) मधलं हेलनचं नृत्य आठवा. पिंजऱ्यात काळा रंग फासलेला रानटी पुरुष डोळे फाडून गजांवर झेपावतो आहे, बाहेर गोरी हेलन त्याला खिजवत नाचते आहे. ‘शालिमार’ (१९७८) मधले भाले नाचवणारे, ‘झिंगालाला’ ओरडणारे जंगली लोक आठवा. पुढे रंग गेला, नजर राहिली. ‘फॅशन’ (२००८) मध्ये नायिका अधःपाताच्या तळाशी पोचली हे प्रेक्षकाला कसं कळतं? ती शुद्धीवर येते तेव्हा शेजारी एक काळा पुरुष असतो. त्याला नाव नाही, संवाद नाही. त्याचा रंग हीच तिची शिक्षा.

या पडद्यावरून ते सोंग थेट शाळांच्या गॅदरिंगमध्ये उतरलं. फॅन्सी ड्रेसच्या स्पर्धेत ‘आदिवासी’ झालेलं पोर आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. अंगाला काजळ, कमरेला पानं, डोक्यात पिसं, हातात काठीचा भाला, आणि तोंडी तेच ‘झिंगालाला’. वांद्र्याहून लोकलने अर्ध्या तासावर बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आहे, गोरेगावला आरे कॉलनी आहे. तिथल्या पाड्यांवर वारली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांची मुलं उपनगरातल्या शाळांत शिकतात, गणवेश घालून येतात आणि प्रेक्षकांत बसून हे सोंग पाहतात. टाळ्या वाजत असतात. त्या मुलाला त्या क्षणी काय कळत असेल, याचा विचार शिक्षकांनी आणि पालकांनी एकदा शांतपणे करावा असं मला कळकळीने वाटतं. सोंग घेणारं पाच वर्षांचं पोर निष्पाप असतं. पण काजळाची डबी त्याने उघडलेली नसते.

अशा हसण्याचं पुढे काय होतं ते ऑक्टोबर २००७ मध्ये दिसलं. अँड्र्यू सायमंड्स या कॅरिबियन वंशाच्या ऑस्ट्रेलियन खेळाडूला बडोद्यात आणि मग आपल्या वानखेडेवर प्रेक्षकांनी माकडाचे हावभाव करून डिवचलं. वानखेडेवरून काही जणांना पोलिसांनी पकडून नेलं. मैदानात बसलेले ते तरुण कुठल्या मिन्स्ट्रल खेळाला गेले नव्हते, पण नक्कल हुबेहूब तीच होती. डॅरन सॅमी या वेस्ट इंडीजच्या कप्तानाला आयपीएलमध्ये ‘कालू’ म्हणून हाक मारली जाई. ती शिवी आहे हे त्याला २०२० साली समजलं आणि त्याने जाहीरपणे जाब विचारला. गोव्यात २०१३ मध्ये एका नायजेरियन माणसाच्या खुनानंतर तणाव वाढला, तेव्हा एका मंत्र्याने नायजेरियनांची तुलना कॅन्सरशी केली. मुंबईत शिकायला आलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्यांना घर शोधताना काय ऐकावं लागतं ते कुठल्याही एजंटाला विचारावं.

याच मुंबईने दुसरंही नातं पाहिलं आहे. १९३५ साली लिऑन अॅबी आपला काळ्या अमेरिकन वादकांचा बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आले, त्यांच्यामागोमाग टेडी वेदरफर्ड हे थोर पियानोवादक आले. गोव्याच्या वादकांनी त्यांच्याशेजारी बसून जॅझ शिकून घेतला आणि तो हिंदी सिनेमाच्या संगीतात ओतला. वांद्र्याच्या कॅथलिक वाड्यांतून या संगीताच्या आठवणी अजून निघतात. इथे काळा माणूस गुरू होता. त्याच्यासारखं वाजवायला शिकायचं तर वर्षं घालावी लागत, काजळी फासून भागत नसे.

वांद्रे-खारच्या पबमध्ये आता हॅलोविनच्या पार्ट्या होतात, सोसायट्यांची मुलं भुतांचे कपडे घालून दारोदार फिरतात. एखाद्या आवडत्या काळ्या गायकाचा किंवा खेळाडूचा वेष घ्यावासा वाटणं साहजिक आहे. त्याचा कोट घाला, त्याच्यासारखे केस विंचरा, त्याची जर्सी घाला. एवढ्यावर तो ओळखू येतो. कातडीला रंग लावला की तो माणूस मागे पडतो आणि पुढे उभा राहतो तो राइसचा जिम क्रो. कॅनडाचे तत्कालीन पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांची २००१ सालची छायाचित्रं २०१९ मध्ये बाहेर आली, ‘अरबी रात्री’च्या मेजवानीत चेहरा रंगवून गेलेली. त्या मेजवानीच्या वेळी ते शाळेत शिक्षक होते. त्यांना माफी मागावी लागली.

हाच रंग आपल्याला लागला की तो कसा टोचतो, याचा मराठी माणसाला एक घरचा अनुभव आहे. ई. एम. फॉर्स्टरच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ या कादंबरीतले प्राध्यापक नारायण गोडबोले हे दख्खनी ब्राह्मण. डेव्हिड लीन यांनी १९८४ मध्ये त्यावर चित्रपट काढला, त्यात व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी, रोशन सेठ असे कसलेले भारतीय नट होते. आणि गोडबोले झाले होते अॅलेक गिनेस, तोंडाला तपकिरी रंग लावून. त्यांच्या अभिनयाच्या थोरवीबद्दल वाद नाही. पण तो चित्रपट पाहताना मराठी माणसाला आतून जे अवघडल्यासारखं होतं, ते खरं आहे. निळू फुले, श्रीराम लागू हयात असताना गोडबोल्यांसाठी लंडनचा गोरा नट रंगवावा लागला. ‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेतल्या अपू या भारतीय दुकानदाराला तीस वर्षं एका गोऱ्या नटाचा आवाज होता. अमेरिकेत वाढलेली आपली मुलं शाळेत त्या आवाजात चिडवली गेली. तो आवाज देणाऱ्या हँक अझारिया यांनी २०२० मध्ये ते काम सोडलं.

तेव्हा पहिल्या उत्तराकडे, नटाने रंग लावण्याकडे, पुन्हा येऊ. ‘रंग माझा वेगळा’ आणि मिन्स्ट्रलचा खेळ एकाच पारड्यात टाकणं अन्याय होईल. दीपाला कुणी हसत नव्हतं, लोक तिच्यासाठी रडत होते. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे: ज्यांची गोष्ट आहे ती माणसं रंगमंचावर नाहीत. सावळ्या मुलीला इतर वेळी सांगितलं जातं की तू नायिकेची मैत्रीण कर, मोलकरीण कर. आणि जी एकच भूमिका तिच्या रंगाची म्हणून लिहिली जाते, तीही रंगाच्या डबीकडे जाते. २०२४ साली ‘सावळ्याची जणू सावली’ ही मालिका आली तेव्हाही नायिकेला गडद करूनच सावली उभी केली गेली.

विनोदाचं तर अजून कठीण. तनिष्ठा चॅटर्जी ही कसलेली अभिनेत्री २०१६ मध्ये आपल्या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी एका हिंदी विनोदी कार्यक्रमात गेली. तिथे तिच्या रंगावरच विनोद सुरू झाले, लहानपणी जांभळं किती खाल्लीस म्हणून विचारलं गेलं. ती उठून गेली. तिने नंतर लिहिलं त्यात रंगाबरोबर जातीचाही उल्लेख होता, कारण गोरेपणा आणि वरची जात यांची सांगड आपल्याकडे सगळ्यांच्या डोक्यात बसलेली आहे. तिने काही केलं म्हणून लोक हसले नव्हते. ती जशी जन्मली त्याला हसले. १९७५ पासून देशभर विकली गेलेली ‘फेअर अँड लव्हली’ ही गोरेपणाची क्रीम याच सांगडीवर चालली. अंधेरीत मुख्यालय असलेल्या हिंदुस्तान युनिलिव्हरने २०२० मध्ये तिच्या नावातलं ‘फेअर’ काढलं. ट्यूब अजून मिळते.

रंगाच्या डबीशिवायही गोष्ट उभी राहते. महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर तालुक्यात मंचिकेरी गाव आहे. या भागात सिद्दी राहतात, पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज. घरात ते कोकणीच्या वळणाची भाषा बोलतात. नीनासम् या कन्नड नाट्यसंस्थेच्या चिदंबरराव जंबे यांनी तिथल्या सिद्दींना घेऊन चिनुआ अचेबेच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीवरून कन्नड नाटक बसवलं. नायजेरियातल्या एका गावाची ती गोष्ट. शेतात राबणाऱ्या, कधी रंगमंचावर न चढलेल्या माणसांनी ती केली, स्वतःच्या चेहऱ्यांनी, स्वतःच्या ढोलांवर.